साहेबांच्या गाडीचा जोर

या, अशा जवळ येऊन बसा बघू. दारात काय उभं राहायचं परक्यासारखं? आणि तो फोन जरा पालथा ठेवा. चार-चार महिने तोंड दाखवत नाही, आणि आलात की दाखवता ते त्या काचेला. मग मी काय भिंतीशी बोलू? पाणी घ्या, गुळाचा खडा घ्या, आणि ऐका. ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्यांना तुम्ही आमच्या पार्किंगमध्ये नक्की पाहिलंय, फक्त लक्ष दिलं नसणार.

हातात काहीही आलं की हे गृहस्थ डावा डोळा मिटायचे. वस्तू तळहातावर घ्यायची, दोनदा हलकेच वरखाली करायची आणि म्हणायचं, "अंदाज नको. माप घ्या." मग ती दुधाची पिशवी असो, कुरियरचं खोकं असो, नाहीतर कुणाचं तान्हं बाळ असो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींच्या नातवाला त्यांनी बारशाला असंच उचललं आणि म्हणाले, "चार किलो दोनशे." बाळाची आजी काट्यावर घालून आली. चार किलो दोनशेच. तरीही यांचं आपलं तेच, "अंदाज नको."

नाव सांगत नाही. वजनमापे खात्यात अख्खी नोकरी केली निरीक्षक म्हणून, त्यामुळे सगळे साहेबच म्हणायचे. मीही म्हणते.

आमची ओळख झाली ती जप्तीनं. तेव्हा मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला माझं कडधान्याचं दुकान होतं, चार पोत्यांचं. यजमान टेम्पोवर, मी दुकानात. एक दिवस खांद्याला खाकी पिशवी लावून एक सडपातळ माणूस आला. माझं अर्ध्या किलोचं लोखंडी वजन उचललं, डोळा मिटला आणि म्हणाला, "बाई, हे हलकं आहे."

"अहो, सासऱ्यांच्या हातचं आहे ते," मी म्हटलं. "खाली शिशावर तुमच्याच खात्याचा शिक्का आहे."

"शिक्का बरोबर आहे. वजन झिजलंय. थांबा, माप घेऊ."

पिशवीतून पितळी तराजू निघाला. सहा-सात ग्रॅम कमी भरलं. वजन जप्त, पंचनामा, सही. आजूबाजूचे दुकानदार हातातली कामं टाकून बघायला आलेले. मला तर जमीन फाटून आत घेईल तर बरं, असं झालं. लोकांना काय, बाई मापात मारते एवढंच दिसलं.

दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीत तोच माणूस आला, साध्या सदऱ्यात. दोन किलो मूग मागितले, दोन किलो मसूर. मी बांधून दिलं, तोंड वर न करता. तो शेजारच्या दुकानांकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काल चूक वजनाची निघाली. बाईंची नाही." आणि सायकलला पिशव्या अडकवून निघून गेला. त्या दिवसापासून हा माणूस माझ्या मनात बसला, तो बसलाच.

पुढे यजमान गेले. मुलाला दुकान नको होतं. विकून इथे धायरीत फ्लॅट घेतला. सामान चढवत होतो तर मागून आवाज आला, "ते कपाट लिफ्टमधून नेऊ नका. सहा माणसांची लिफ्ट आहे, म्हणजे चारशे आठ किलो." वळून बघते तर डावा डोळा मिटून कपाटाकडे बघत हेच उभे. मला ओळखलं त्यांनी. म्हणाले, "वहिनी, मूग चांगले होते." मधे चौदा वर्षं गेली होती.

साहेबांच्या घरी ते आणि ताई, दोघंच. ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्यापेक्षा अबोल. तसं माझ्यापेक्षा अबोल सगळेच असतात म्हणा. बुद्धपौर्णिमेला ताईंची खीर अख्ख्या जिन्यात वाटली जायची, आणि वाट्या भरायचे साहेब. एकीत जास्त नाही, एकीत कमी नाही. आमच्याकडे गणिताचे एक निवृत्त सर आहेत, जीभ म्हणजे सदाशिव पेठेतून आणलेली. ते एकदा जिन्यातून ओरडले, "साहेब, आमच्या वाटीत बेदाणे दोन कमी आहेत. पंचनामा करा." सगळे हसले. संध्याकाळी साहेब सरांच्या दारात हजर, कागदाच्या पुडीत दोन बेदाणे घेऊन. सरांना हसावं की नाही तेच कळेना.

आता गाडीचं ऐका.

पिठाच्या गिरणीपासून आमच्या फाटकापर्यंतचा चढ तुम्ही आत्ता चढून आलात. रिक्षावाले गिरणीपाशीच उतरवतात, "वर नाय जात, खेचत नाय" म्हणून. ताईंचे गुडघे गेले आणि साहेबांनी ठरवलं, गाडी घ्यायची, विजेवरची. घासाघीस मला येते म्हणून मला बरोबर नेलं. घासाघीस राहिली बाजूला, मी तिथे आ वासून बसले.

विक्रेता म्हणाला, "सर, हे साधं मॉडेल आणि हे बूस्टवालं. चढावर याचा जोर बघा तुम्ही."

"मोटार मोठी आहे याची?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर, मोटार तीच."

"बॅटरी?"

"बॅटरी पण तीच सर."

"मग जोर येतो कुठून?"

"तो आतच आहे सर. तुम्ही पैसे भरले की आम्ही इथून सॉफ्टवेअरनं ओपन करतो."

साहेब म्हणाले, "म्हणजे पोत्यात शंभर किलो भरलेत. ऐंशीवर गाठ मारलीय. वरच्या वीस किलोची गाठ सोडायचे वेगळे पैसे."

"असंच काहीसं सर," तो खुशीत हसला. त्याला वाटलं साहेबांनी कौतुक केलं.

माझ्या तर डोक्यातच शिरेना. दुकानात मी एवढी वर्षं बसले, पण दिलेल्या मालाची गाठ माझ्याच हातात ठेवून गिऱ्हाइकाला घरी पाठवायचं, हे मला स्वप्नातही सुचलं नसतं. पण चढ डोळ्यांसमोर होता आणि ताईंचे गुडघेही. साहेबांनी एकच विचारलं, "एकदाच भरायचे ना? पुन्हा नाही?"

"एकदाच सर. गाडी आहे तोवर."

"लिहून द्या."

लिहून दिलं. खाली कंपनीचा गोल शिक्का. तो शिक्का साहेबांनी बोटानं चाचपला आणि मान हलवली.

गाडी आली त्या रविवारी आम्ही चौघं बसलो. साहेब, ताई, मी आणि आमची सूनबाई. गिरणीपाशी गाडी थांबवून साहेब म्हणाले, "वहिनी, फोनवर सेकंद लावा. मी म्हणेन तेव्हा." पाय दाबला आणि अहो, आवाज नाही, धूर नाही, पाठीत कुणीतरी हात घालून उचलून नेल्यासारखी गाडी वर. फाटकात थांबलो तेव्हा एकवीस सेकंद. ताई एवढंच म्हणाल्या, "पोटात गोळा आला." पण हसत होत्या.

भिंतीवरच्या कॅलेंडरात आपण दुधाचे खाडे मांडतो ना, तिथे साहेब दर रविवारी सेकंद मांडायचे. यार्डातून भाजी घेऊन आलो की गिरणीपासून मोजणी. तीच चार माणसं, तशीच भाजी. एकवीस. एकवीस. पावसात बावीस. दोन वर्षं. सूनबाई म्हणायची, "काका, कशाला दर रविवारी तेच?" तर म्हणायचे, "दर वेळी तेच येतं का, हेच तर बघायचं."

ही गाडी पुढे सोसायटीत नऊ घरांनी घेतली. सूनबाईनंही घेतली, हिंजवडीच्या बसला कंटाळून. शोरूममधले काय सांगतात ते कुणी नीट ऐकलंसुद्धा नाही. "साहेबांनी मोजलंय" एवढं पुरे होतं. गणिताच्या सरांनी घेतली तेव्हा तर साहेबांना म्हणाले, "मी जाहिरातीवर विश्वास ठेवत नाही, माणसांवर त्याहून नाही. पण तुमच्या कॅलेंडरवर ठेवतो." पुण्यात याला स्तुती म्हणतात.

गेल्या वर्षीची गोष्ट. एका गुरुवारी सगळ्यांच्या गाड्यांच्या पडद्यावर कसलं तरी अपडेट आलं. सगळ्यांनी घेतलं. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. रविवारी आम्ही यार्डातून आलो, गिरणीपाशी थांबलो, मी सेकंद लावले. साहेबांनी पाय दाबला आणि मला लगेच कळलं. पाठीतला तो हातच नव्हता. गाडी चढत होती, पण माझ्यासारखी, कठड्याला धरून.

"किती?" साहेबांनी विचारलं.

"एकोणतीस."

"परत बघा."

"अहो, एकोणतीसच आहे. भोपळा मोठा घेतलाय आज, त्यामुळे असेल."

पुन्हा खाली गेलो. पुन्हा एकोणतीस. मग साहेबांनी भोपळा उतरवला. पिशव्या उतरवल्या. मग म्हणाले, "वहिनी, उतरा." मी उतरले. सूनबाई उतरली. शेवटी ताईंनाही उतरवलं, गिरणीवाल्याकडून खुर्ची मागून बसवलं. एकटे वर गेले, एकटे खाली आले. काच खाली करून म्हणाले, "सव्वीस."

आम्ही तिघी रस्त्याच्या कडेला, भोपळ्याभोवती, पाहुण्यांची वाट बघत असल्यासारख्या. चार माणसं आणि भाजी घेऊन एकवीस सेकंदांत जाणारी गाडी रिकामी सव्वीस घेत होती. साहेबांचा चेहरा मला अजून आठवतो. राग नव्हता. भरल्या घरात चोर शिरून गेल्याचं कळावं, आणि कुलूप मात्र जागच्या जागी असावं, तसा चेहरा.

शोरूमला फोन केला. तिकडून गोड आवाज, "सर, काही बदल नाही. कधीकधी हवेमुळे तसं फील होतं. तुमचा अंदाज असेल."

आयुष्यात पहिल्यांदा साहेबांना कुणी सांगत होतं की हा तुमचा अंदाज आहे. त्यांनी फोन ठेवला, उठले, आणि दोन्ही वर्षांची कॅलेंडरं भिंतीवरून उतरवली.

तोवर बाकीच्या नऊ घरांतही हीच कुजबुज. कुणाला ओव्हरटेक करताना जाणवलं होतं, कुणाला चढावर. पण पुरावा म्हणाल तर एकाच घरात होता. सगळ्यांनी मिळून कंपनीच्या मागे लागून बैठक मागितली. त्यांच्या सर्व्हिस सेंटरवर एका सकाळी बोलावलं. खुर्च्या मांडलेल्या, चहा, बिस्किटं. समोर कंपनीच्या एक बाई, तिशीतल्या, बोलायला अगदी नम्र. मी सूनबाईच्या शेजारी बसले होते.

साहेब उभे राहिले. कॅलेंडरं टेबलावर उलगडली आणि एकेक पान दाखवत गेले. दर रविवार, तीच जागा, तेवढीच माणसं. त्या बाई पहिल्यांदा हसून बघत होत्या. चौथ्या-पाचव्या पानाला हसू गेलं. शेवटी म्हणाल्या, "सर, मी आपल्याशी खोटं बोलणार नाही. पॉवर थोडी लिमिट केलीय. बॅटरी जास्त वर्षं टिकावी म्हणून. आपल्याच फायद्यासाठी."

खोलीत गलका झाला. सर उठून म्हणाले, "माझ्या फायद्यासाठी माझ्या ताटातली पोळी उचलायची, तर निदान मला विचाराल की नाही?"

"विचारलं होतं सर," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाची संमती आमच्याकडे आहे."

आणि त्यांनी मागच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर यादी लावली. दहा नावं, प्रत्येकापुढे वेळ. चौदा पानांचा मजकूर आला होता त्या गुरुवारी, इंग्रजीत, आणि खाली 'वाचले, मान्य आहे' असं बटण. यादीत पहिलं नाव साहेबांचं. दहा वाजून बारा मिनिटं. मग दहा चाळीसला सर. दहा पंचेचाळीसला सूनबाई. मग बाकी सगळी, पाठोपाठ, दोन-दोन मिनिटांनी.

सूनबाईनं हळूच फोन काढला आणि सोसायटीचा ग्रुप उघडून त्या गुरुवारचं पान माझ्यासमोर धरलं. कुणीतरी विचारलं होतं, "हे अपडेट घ्यायचं का?" खाली साहेबांचं उत्तर. "मी दाबलं. कंपनीचं आहे. दाबा."

अहो, ज्या माणसानं सहा ग्रॅमसाठी माझं दुकान उघडं पाडलं, त्यानं चौदा पानं न वाचता सही केली होती. आणि आपल्यामागे नऊ घरांना करायला लावली होती.

साहेब पडद्याकडे बघत होते. म्हणाले, "खरं आहे. मी वाचलं नाही. कंपनीचा शिक्का बघितला आणि दाबलं." आणि पुढे, "माझा शिक्का असलेल्या वजनावर लोक जन्मभर माल घ्यायचे, कुणी उलटून बघायचं नाही. मला वाटलं, यांचाही शिक्का तसाच असेल."

ती कंपनीची बाई खाली बघत होती. तिलाही बरं वाटलं नसणार, एवढं मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी काय केलं माहितीये? इस्त्रीचा सदरा घातला आणि नऊही घरांत गेले. दारातच उभं राहून एकच वाक्य. "मी न वाचता तुम्हाला दाबायला सांगितलं. चूक माझी आहे." आत या म्हटलं तर यायचे नाहीत. सरांनी दार उघडलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जन्मभर एक डोळा मिटून दुसऱ्यांची मापं तपासलीत. आणि स्वतःची पाळी आली तेव्हा दोन्ही मिटलेत."

"हो," साहेब म्हणाले, आणि पुढच्या दाराकडे वळले. मी जिन्यात उभी होते. सरांना काहीतरी बोलावंसं वाटलं नंतर, पण साहेब तोवर खालच्या मजल्यावर पोचले होते.

आमच्याकडे आले तेव्हा सूनबाईच रडवेली झाली. "काका, मला तर इंग्रजी येतं. मीही वाचलं नाही. तुम्ही माफी कसली मागताय?"

"तुला माझ्यामुळे वाचावंसं वाटलं नाही," साहेब म्हणाले. "तेच तर."

त्या दिवसापासून त्यांचं ते डोळा मिटून उचलणं बंद झालं. दुधाची पिशवी सरळ आत न्यायचे. बाळं उचलेनात. ताई मला हळूच म्हणाल्या, "वहिनी, ह्यांचा हात गेलाय." हात म्हणजे दुखत नव्हता. विश्वास गेला होता त्या हातावरचा.

मग ती चौदा पानं वाचायला बसले. भिंग घेऊन. इंग्रजी त्यांचं खात्यापुरतं, त्यामुळे अडेल तिथे सूनबाईला हाक. आठ दिवस लागले. चौदा पानांत 'सुधारणा' हा शब्द सतरा वेळा आणि 'सुरक्षितता' अकरा वेळा. जोर कमी करणार, असं एकदाही नाही.

मी तिथेच बसले होते तेव्हा कंपनीचा फोन आला. साहेबांनी स्पीकर लावला. कोणी मोठे अधिकारी असावेत. "सर, तुम्ही इतकं बारकाईनं बघता, आम्हाला आदर आहे. आपल्या गाडीचा बूस्ट आम्ही पूर्ववत करून देतो. स्पेशल केस म्हणून. फक्त बाहेर कुठे बोलू नका."

"बाकीच्या नऊ?" साहेबांनी विचारलं.

"ते नंतर बघू सर. सध्या फक्त आपलं."

मला वाटलं, आता तरी या माणसाचं ओझं उतरेल. ताईंचे गुडघे आहेत, चढ आहे. घ्या की, असं माझ्या तोंडावर आलं होतं. साहेब म्हणाले, "अहो, निरीक्षक दुकानात आला की त्याच्यापुरती बरोबर मापं बाहेर काढणारे खूप बघितलेत मी. अशांची मी दुकानं बंद केलीत." आणि फोन ठेवला.

ताई चहा गाळत होत्या. एवढंच म्हणाल्या, "बरं केलंत."

ही गोष्ट मी सोसायटीत सांगितली. सांगणारच, ती काय पोटात ठेवायची? तासाभरात सर साहेबांकडे आले, दोन्ही कॅलेंडरं काखेत मारली आणि झेरॉक्सवाल्याकडे गेले. एकेका पानाच्या अकरा-अकरा प्रती. आल्यावर म्हणाले, "तक्रार करायची तर कागद नीट हवेत. तुमचा सात आणि एक सारखाच दिसतो, तो मी लाल पेनानं सुधारलाय." साहेब त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसले.

ग्राहक आयोगात तक्रार गेली ती साहेबांच्या नावानं, मराठीत. पहिली ओळ त्यांनी स्वतः लिहिली, कुणाला बदलू दिली नाही. "मी न वाचता मान्य केले, ही माझी चूक आहे. न सांगता कमी दिले, ही त्यांची." मागणी एकच. दहाही गाड्यांचा जोर परत द्या, नाहीतर साधं मॉडेल म्हणून विकलं होतं असं शिक्क्यासह लिहून द्या. पहिली तारीख झाली. दुसरी पडली. कंपनीच्या वकिलांनी मुदत मागितली. साहेब दर रविवारी गाडी काढायचेच, चार माणसं, भाजी, गिरणी. एकोणतीस. चौकोनात लिहायचे आणि पेन ठेवायचे.

आणि मग काय सांगू तुम्हाला. एका मंगळवारी सकाळी दूध घ्यायला म्हणून खाली उतरले. येताना दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेले सरांना दिसले. सर म्हणाले, "काय साहेब, लिफ्टची क्षमता संपली का?" उत्तर आलं नाही. पिशवी मांडीवर नीट ठेवलेली होती, एक थेंब सांडला नव्हता. सर तिथेच त्यांच्या शेजारी बसून राहिले, डॉक्टर येईपर्यंत. डॉक्टर आल्यावरही उठेनात. मी तर आजही दुसऱ्या मजल्यावरून जाताना कठडा धरते. आदल्या संध्याकाळी त्यांनी माझ्याशी तासभर गप्पा मारल्या होत्या. कुठे काही सूचना नाही, काही नाही. असं कसं माणूस उठून जातं?

तिसऱ्या तारखेला ताई गेल्या. ज्या बाई जिन्यात दोन वाक्यं सलग बोलत नाहीत, त्या आयोगापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ते नाहीत. तक्रार आहे." बाकीचं सरांनी सांगितलं.

आणि आता गेल्या महिन्यात दहाही गाड्यांच्या पडद्यांवर पुन्हा निरोप आलाय. वर ठळक अक्षरांत, बूस्ट पूर्ववत करत आहोत, म्हणून. खाली बारीक मजकूर, या वेळी एकोणीस पानं. आणि त्याच्याखाली तेच बटण. ग्रुपवर कुणीतरी विचारलं, दाबायचं का? तर ताईंनी लिहिलं. ग्रुपवर त्या कधी लिहीत नाहीत. "थांबा. वाचतोय."

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही पार्किंगमध्ये असतो. साहेबांच्या गाडीचं दार उघडं, पडद्यासमोर ताई, त्यांना गाडी चालवता येत नाही तरी तिथेच बसतात. शेजारी सूनबाई एकेक वाक्य वाचते आणि मराठीत सांगते. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर वही घेऊन, कळलं ते माझ्या भाषेत लिहून काढते. कळलं नाही तर पुन्हा वाचायला लावते. ताईंच्या गुडघ्यांनी चढाला रामराम ठोकलाय, गाडी सूनबाईच्या हातीही एकोणतीस सेकंदांनीच वर येते, पण कुणालाही घाई नाही. नऊ घरांतल्या एकानंही अजून दाबलेलं नाही. सर संध्याकाळी फिरायला निघाले की लांबूनच विचारतात, "कितवं पान?"

आठ झालीत. नवव्या पानावर एक लांबलचक वाक्य आहे, ते सूनबाईलाही नीट लागत नाही. बूस्ट परत देताना त्यात काहीतरी परत घेतलंय असं तिला वाटतं, पण काय ते कळत नाही. आणि कळल्याशिवाय ताई पुढे जाऊ देत नाहीत. तुमचं इंग्रजी चांगलं आहे. या शनिवारी दुपारी चारला या. चहा खालीच आणते थर्मासमध्ये. चष्मा आणा, अक्षर फार बारीक आहे, आणि उगाच पुढच्या महिन्यावर ढकलू नका. लवकर या.